नवी भाषा जन्मते कशी: कोर्लई, मॉरिशस आणि कुपवाड

कुंडलिका नदी अरबी समुद्राला मिळते तिथे उत्तरेला रेवदंडा आहे आणि दक्षिणेला कोर्लईचा डोंगर. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी गाव. मुरूड तालुक्यातल्या या गावची ख्रिस्ती वस्ती घरात जी भाषा बोलते ती मराठी नाही, कोकणी नाही आणि लिस्बनमध्ये चालणारी पोर्तुगीजही नाही. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असं म्हणतात. बोलणारी माणसं जेमतेम हजाराच्या घरात. एवढ्या थोड्या माणसांच्या तोंडी असलेल्या या भाषेवर अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी अनेक वर्षं काम केलं आणि १९९६ मध्ये तिच्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांना कोर्लईत जे सापडलं ते भाषेच्या अभ्यासात दुर्मीळ असतं. बहुतेक भाषांचा उगम इतका मागे गेलेला असतो की तिथे फक्त तर्क चालतात. कोर्लईच्या भाषेचा जन्म मात्र इतिहासाच्या उजेडात झाला आहे. पाचशे वर्षांपूर्वी ती नव्हती. दोनशे वर्षांनंतर ती पूर्ण उभी होती. मधल्या काळात काय घडलं ते सांगता येतं, आणि ते नीट पाहिलं की नव्या भाषांविषयीचा एक रूढ समज टिकत नाही. दोन भाषांचे शब्द एकमेकांत मिसळले की तिसरी भाषा तयार होते, असा तो समज. माझं म्हणणं असं की शब्दांच्या सरमिसळीतून नवी भाषा कधीच जन्मत नाही. ती जन्मते ती माणसांचा नवा समाज बनतो तेव्हा.

पोर्तुगीजांना रेवदंड्याजवळच्या चौलमध्ये किल्ला बांधायला १५२१ मध्ये निजामशहाची परवानगी मिळाली आणि कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये घेतला. या किल्ल्यांवर येणारे बहुतेक सैनिक आणि व्यापारी एकटे असत. पोर्तुगालहून स्त्रिया फार थोड्या येत. गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं करावीत असं धोरण ठेवलं होतं आणि ते इतर ठाण्यांतही पसरलं. या लग्नांतून आलेली मुलं, निरनिराळ्या मुलखांतून विकत आणलेले गुलाम, आणि किल्ल्याच्या आश्रयाने राहणारी, कष्टाची कामं करणारी, नव्याने बाप्तिस्मा घेतलेली स्थानिक माणसं अशी वस्ती तटाच्या आतबाहेर जमत गेली. यातल्या प्रत्येकाचं आधीच्या समाजाशी असलेलं नातं तुटलेलं होतं. बाटलेल्याला जात उरली नाही, गुलामाला गाव उरलं नाही, आणि मिश्र घरातल्या मुलाला गोरे आपलं म्हणत नव्हते तसेच काळेही. या सगळ्यांना बांधणाऱ्या गोष्टी दोनच होत्या: चर्च आणि धन्याची भाषा. पण धन्याची भाषा शिकवायला कोणी बसलं नव्हतं. ती हुकुमांतून, बाजारातून, प्रार्थनेतून, तुकड्यातुकड्यांनी कानावर पडत होती. आणि बहुतेकांच्या कानावर ती मूळ पोर्तुगिजाकडून येतच नव्हती. ती येत होती आपल्यासारख्याच, अर्धवट शिकलेल्या शेजाऱ्याकडून.

अशा वेळी माणसं काय राखतात आणि काय टाकतात हे क्रियापदात सर्वांत स्पष्ट दिसतं. पोर्तुगीजमध्ये ‘गाणं म्हणणे’ या अर्थाचं ‘कांतार’ हे क्रियापद ‘मी’, ‘तू’, ‘तो’, ‘आम्ही’ अशा प्रत्येक कर्त्याला वेगळं रूप घेतं. कोर्लईत ही सगळी रूपं गळाली. ‘कांतांदो’ या रूपातून ‘कातान’ उरलं आणि कर्ता कोणीही असो, ते बदलत नाही. त्याच्या आधी ‘ते’ लावलं की गाणं आत्ता चालू आहे, ‘ती’ लावलं की तेव्हा चालू होतं. मूळ क्रियापदाआधी ‘ल’सारखा छोटा उच्चार ठेवला की पुढे गाणार आहे. क्रियापदाच्या आधी बसणाऱ्या या काळवाचक शब्दांची सामग्री पोर्तुगीजच आहे, पण अशी मांडणी पोर्तुगीजमध्ये नाही आणि मराठीतही नाही. ती या वस्तीने बसवली. ‘मोडकं पोर्तुगीज’ म्हणून तिची हेटाळणी करणारे नेमकं हेच पाहत नाहीत. मोडक्या बोलण्याला नियम नसतात. बोलणारा अडखळतो आणि दर वेळी वेगळी चूक करतो. इथे नियम आहे, तो चुकवला तर कोर्लईतलं लहान पोरसुद्धा तुम्हाला हसेल, आणि पोर्तुगीज अस्खलित येणाऱ्या माणसालाही तो नव्याने शिकावा लागेल.

पुढची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. वसई १७३९ मध्ये पडली आणि पाठोपाठ १७४० मध्ये चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज निघून गेले, कोर्लईची वस्ती मागे राहिली. तिकडे दमण मात्र डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. म्हणजे एकाच उगमाच्या, एकाच किनाऱ्यावरच्या दोन भाषांना दोन वेगळी आयुष्यं मिळाली. भाषाशास्त्रज्ञाने मुद्दाम प्रयोग करायचा म्हटलं तरी याहून चांगला जमला नसता. अशा संपर्कातून जन्मून मातृभाषा झालेल्या भाषेला क्रिओल म्हणतात. दमणच्या क्रिओलमध्ये आजही क्रियापद कर्माआधी येतं, पोर्तुगीजमध्ये येतं तसं. कोर्लईत ते मराठीसारखं वाक्याच्या शेवटी गेलं. पोर्तुगीजमध्ये ‘घर मारियाचं’ या क्रमाने सांगतात. कोर्लईत मारिया आधी, मग ‘सु’ हा संबंध दाखवणारा शब्द आणि मग घर, आपल्या ‘मारियाचं घर’सारखं. शब्द पोर्तुगीजच राहिले, वाक्याची बांधणी मराठीच्या वळणावर गेली. मराठी क्रियापदंही आली, पण मुकाट्याने मिसळून गेली नाहीत. पोर्तुगीजमधून आलेल्या क्रियापदांचे तीन गट होते. ‘लोटणे’सारख्या मराठी क्रियापदांसाठी कोर्लईने ‘लोटू’ असा ऊकारान्त चौथा गट नव्याने घडवला. ‘लोटू नको’ या आपल्या रोजच्या बोलण्यातलं रूप उचलून त्याला आपल्या व्याकरणात हक्काची जागा दिली. दुसऱ्या भाषेची क्रियापदं नेमक्या कोणत्या रूपात घ्यायची आणि घेतल्यावर कशी चालवायची याचा नियम जी भाषा स्वतः करते, तिला दुसऱ्या कुणाची बिघडलेली आवृत्ती म्हणणं अन्यायाचं आहे.

इथे एक सरळ आक्षेप येतो. पोर्तुगीज सत्ता, ख्रिस्ती धर्म आणि परकी भाषा यांतून क्रिओल जन्मत असेल, तर ती गोव्यात सर्वांत जोमदार असायला हवी होती. गोव्यात ही सत्ता साडेचारशे वर्षं टिकली. १६८४ मध्ये तर तिथल्या व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि आपली भाषा सोडावी असं बजावलं होतं. तरी गोव्याची भाषा कोकणीच राहिली. असगावात जन्मलेले थोर कोशकार सेबास्तियाव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०० मध्ये गोव्यातल्या पोर्तुगीज बोलीवर लिहिलं, पण त्यांनी वर्णन केलेली बोली शिकलेल्यांच्या तोंडची, कोकणीची छाप पडलेली पोर्तुगीज होती. जनसामान्यांची नवी मातृभाषा तिथे झालीच नाही. गोवा शहरातल्या गुलामांत आणि मिश्र घरांत सुरुवातीला काही तसं घडत असेलही. ते टिकलं नाही. कारण सासष्टी आणि बारदेशात धर्मांतर झालं ते गावंच्या गावं आणि जातीच्या जाती मिळून. गावकरीची संस्था राहिली, शेतं राहिली, सोयरीक पूर्वीच्याच जातीत होत राहिली. देव बदलला तरी शेजारी तेच होते, आणि शेजाऱ्याशी बोलायला नवी भाषा लागत नाही. उलट पाद्र्यांनाच लोकांकडे यावं लागलं: थॉमस स्टीफन्सने क्रिस्तपुराण रचलं ते १६१६ मध्ये, मराठीत, कोकणीचं व्याकरणही त्यानेच लिहिलं आणि ते १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. वसईच्या ग्रामीण भागातही हेच दिसतं. तिथले सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी हिंदू आजही एकच कादोडी बोली बोलतात. सत्ता तीच, धर्म तोच, काळही जवळपास तोच. कोर्लईत नवी भाषा झाली आणि कादोडी मात्र कादोडीच राहिली. फरक इतकाच की कोर्लईची वस्ती आधीच्या समाजांतून तुटून आलेल्या माणसांची होती आणि वसईची गावं अखंड होती.

मॉरिशसने हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर दाखवून दिली, आणि तिथे मराठी माणसंही आहेत. फ्रेंचांनी १७२१ पासून या निर्मनुष्य बेटावर वसाहत केली. मादागास्कर, मोझांबिक, पश्चिम आफ्रिका आणि हिंदुस्थान अशा चहूकडून गुलाम आणले. थोड्याच वर्षांत गुलामांची संख्या फ्रेंचांपेक्षा कितीतरी जास्त झाली, आणि नव्याने बोटीवरून उतरलेला गुलाम फ्रेंच शिकायचा तो आधी आलेल्या गुलामाकडून. त्यांच्या मूळ भाषा इतक्या वेगवेगळ्या होत्या की त्यांतली एकही सर्वांना चालली नसती. त्यातून आजची मोरिस्यें क्रिओल घडली. तिची बांधणी सुबक आहे. ‘मो मांझे’ म्हणजे मी खातो. ‘मो पे मांझे’ म्हणजे मी खातो आहे, ‘मो पू मांझे’ म्हणजे मी खाईन, आणि ‘मो ती पे मांझे’ म्हणजे मी खात होतो: ‘ती’ने भूतकाळ सांगितला, ‘पे’ने क्रिया चालू असल्याचं, आणि दोन्ही ठरलेल्या क्रमानेच येतात. शब्द जवळजवळ सगळे फ्रेंच, पण पॅरिसच्या माणसाला हे कळणार नाही.

खरा प्रश्न पुढे आहे. १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानी गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यांतली काही मुंबई बंदरातून, कोकणातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून गेलेली मराठी माणसं. १८६१ पर्यंत बेटावरच्या लोकसंख्येत हिंदुस्थानी लोकांचा वाटा निम्म्याच्या बराच वर गेला होता. संख्येने भाषा ठरत असती तर तिथे भोजपुरी-मराठी-तमिळ यांची नवी भाषा व्हायला हवी होती, निदान क्रिओलचं व्याकरण तरी हिंदुस्थानी वळणाचं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. आलेल्यांनी तयार असलेली क्रिओल उचलली, तिच्यात खाण्यापिण्याचे आणि सणावारांचे शब्द घातले आणि मुलांना तीच दिली. आज मॉरिशसमधली मराठी घरं गणपती बसवतात, मुलं शाळेत मराठी विषय घेतात, पण बहुतेक घरांतलं रोजचं बोलणं क्रिओलमध्ये असतं. भाषाशास्त्रज्ञ सालिकोको मुफ्वेने यांनी याला ‘संस्थापकांचा नियम’ असं नाव दिलं आहे: समाज जमतो त्या पहिल्या काही दशकांत जी भाषा ठरते, तिच्यात नंतर आलेले कितीही मोठ्या संख्येने आले तरी फारसा बदल करू शकत नाहीत. लग्न होऊन घरात आलेली सून घरचा स्वयंपाक थोडाफार बदलते, घराचा पाया नव्याने घालत नाही. मॉरिशसमध्ये नवा समाज घडण्याची वेळ अठराव्या शतकात होऊन गेली होती. त्यानंतर आलेले त्या समाजात सामील झाले.

यावर वजनदार आक्षेप डेरेक बिकर्टन यांचा आहे. १९८१ मध्ये त्यांनी हवाई बेटांवरच्या ऊसमळ्यांचा दाखला देऊन असं मांडलं की क्रिओल घडवते ती मुलांची उपजत भाषाशक्ती. आईबाप तुटपुंजी कामचलाऊ भाषा, म्हणजे पिजिन, बोलतात. तेवढ्याशा सामग्रीतून मुलं एका पिढीत पूर्ण व्याकरण उभारतात, आणि म्हणून जगभरच्या क्रिओल एकमेकींसारख्या दिसतात. असं असेल तर समाजाचा मुद्दा दुय्यम ठरतो. मुलांची ही शक्ती खरी आहे हे निकाराग्वात स्पष्ट दिसलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वात कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. शिकवणं ओठ वाचण्याचं होतं, पण मुलांनी अंगणात आणि शाळेच्या बसमध्ये आपापल्या घरच्या खुणांतून एक खूणभाषा घडवली. नंतर आलेल्या लहान मुलांनी तिला पहिल्या तुकडीपेक्षा जास्त नेमके नियम दिले. बाहेरून कोणीही ती शिकवली नव्हती. मात्र हेच उदाहरण नीट पाहिलं तर ते माझ्याच बाजूने बोलतं. ही मुलं त्याआधीही होती, त्यांची बुद्धी तीच होती, पण आपापल्या घरात एकेकटी असताना त्यांच्या खुणांची भाषा झाली नाही. शाळेने त्यांचा समाज केला आणि मग भाषा झाली. हवाईविषयीही सेरा रॉबर्ट्स यांनी जुनी वर्तमानपत्रं आणि कोर्टातल्या जबान्या तपासून दाखवलं की क्रिओल एका फटक्यात उभी राहिली नव्हती. तिथे जन्मलेल्या पहिल्या पिढीला आईबापांच्या भाषाही येत होत्या आणि व्याकरण पक्कं व्हायला आणखी एक पिढी गेली. मुलं नसतील तर नवी भाषा पक्की होत नाही, हे बिकर्टन यांचं म्हणणं मी मानतो. पण मुलांना एकत्र आणणारी वस्ती आधी लागते.

आता उलटी बाजू पाहू: संपर्क भरपूर, शतकानुशतकांचा, आणि तरी नवी भाषा नाही. यासाठी सांगली जिल्ह्यातलं कुपवाड जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत गाजलं आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये त्याच्यावर लेख प्रसिद्ध केला तेव्हा ते सुमारे तीन हजार वस्तीचं खेडं होतं. आज ते महानगरपालिकेत आहे. जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, थोडी घरं तेलुगू, आणि सगळ्यांचा आपसातला व्यवहार मराठीत. या लेखकांना असं दिसलं की या भाषांची वाक्यं एकाच साच्यातून काढल्यासारखी झाली आहेत. मराठी बोलणारा ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ म्हणतो, तर कुपवाडची उर्दू ‘पाला जरा काट के ले के आया’ म्हणते. कन्नड वाक्यही शब्दाला शब्द लावून त्याच क्रमाने जातं. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनी कुपवाडची पुन्हा पाहणी केली आणि हा एकसारखेपणा मूळ लेखात म्हटला आहे तितका सरसकट नाही हे दाखवून दिलं. तरी मुख्य गोष्ट दोन्ही अभ्यासांत समान आहे: भाषा जवळ आल्या, एक झाल्या नाहीत. शेतावर सगळे एकत्र होते, पण संध्याकाळी प्रत्येक जण आपल्या गल्लीत, आपल्या घरात, आपल्या जातीच्या माणसांत परतत होता, आणि मूल भाषा शिकतं ते तिथे. लग्नं एकमेकांत होत नव्हती. जिथे घर शाबूत आहे तिथे घराची भाषाही शाबूत राहते, मग तिची वाक्यरचना कितीही बदलो.

कुपवाडचा लेख ज्या ग्रंथात छापला गेला त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीविषयी एक धाडसी मत मांडलं होतं: मराठीच्या उगमाशीच कधीकाळी पिजिन किंवा क्रिओल असावी. त्यांच्यासमोर असलेला पुरावा उडवून लावण्यासारखा नाही. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा आपला काटेकोर भेद संस्कृतात नाही, द्राविडी भाषांत आहे. वाक्याची कितीतरी वळणंही कन्नडशी जुळतात. अशा संपर्कातूनच आजची मराठी झाली हे मान्य करायला काहीच हरकत नाही. पण क्रिओलचा दावा मला या टोकाला पटत नाही. क्रिओल जन्मते तेव्हा सर्वांत आधी प्रत्यय आणि लिंगभेद गळतात, कोर्लईत आणि मॉरिशसमध्ये दिसतं तसे. मराठीने तीन लिंगं राखली, विभक्तीत बदलणारं सामान्यरूप राखलं, कर्त्यानुसार बदलणारी क्रियापदं राखली. हा वारसा आईकडून मुलाकडे अखंड आला असेल तरच टिकतो. म्हणजे इथेही कुपवाडसारखंच घडलं असणार: दोन भाषा येणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली, आणि घरं मोडली नाहीत.

याच कसोटीवर आजची शहरी मराठी लावून पाहावी. ‘मीटिंग अटेंड करून रिपोर्ट सबमिट केला’ असं वाक्य ऐकून मराठीची क्रिओल होत चालली आहे अशी भीती अनेक जण बोलून दाखवतात. चार शब्द इंग्रजी आहेत खरे. पण ‘करून’ मराठी आहे, ‘केला’ मराठी आहे, आणि हा ‘केला’ ‘रिपोर्ट’च्या पुल्लिंगाशी जुळवून घेतलेला आहे, जे लिंग इंग्रजीत या शब्दाला नाहीच. हे बोलणारा माणूस मराठी व्याकरण पूर्ण जाणतो. अशा बोलण्यातून नवी भाषा होणार नाही. मराठीला धोका असेल तर तो घरात मुलांशी बोलायची भाषाच बदलण्यात आहे. तिथे मराठी बिघडत नाही, थांबते. मॉरिशसमधल्या मराठी घरांत घडलं ते हेच.

कोर्लईतही आता तेच घडण्याची वेळ आली आहे. कुंडलिकेवरचा पूल १९८० च्या दशकात झाला, रेवदंडा आणि अलिबाग जवळ आले, मुलं मराठी शाळेत जातात, नोकरीसाठी मुंबईला जातात. ज्या एकटेपणाने ही भाषा अडीचशे वर्षं जपली तो संपला, आणि गावकऱ्यांनी एकटं राहावं असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. कोचीजवळच्या वायपीन बेटावर अशाच क्रिओलचा शेवटचा अस्खलित वक्ता २०१० मध्ये वारला आणि ती भाषा त्याच्याबरोबर गेली. भारताच्या जनगणनेत दहा हजारांपेक्षा कमी माणसं बोलतात त्या भाषांची नावं १९७१ पासून स्वतंत्र छापली जात नाहीत, त्यामुळे कोर्लईची भाषा सरकारी तक्त्यात शोधूनही सापडायची नाही. मॉरिशसने २०१२ मध्ये आपली क्रिओल शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आणली. महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेली, ‘लोटू’ आपलंसं करणारी, मराठीकडून इतकं घेतलेली आणि तरी स्वतःच्या पायावर उभी असलेली ही भाषा आपल्या विद्यापीठांनी आणि मराठी भाषा विभागाने आता तरी गावकऱ्यांना सोबत घेऊन ध्वनिमुद्रित करावी, तिचा कोश करावा, आणि तो कोर्लईच्या शाळेत पोचवावा. हे काम ज्यांच्या बोलण्यातून करता येईल ती वयस्क माणसं आज गावात आहेत.